मुंबईतील आरंभीचे रॉक बँड

मुंबईतील आरंभीचे रॉक बँड म्हणजे १९६० च्या दशकाच्या मध्यापासून १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत मुंबईत प्रामुख्याने इंग्रजी रॉक संगीत सादर करणारे तरुणांचे छोटे वाद्यवृंद होत. द जेट्स, द सॅव्हेजेस, वेल्वेट फॉग, अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट आणि वॉटरफ्रंट ही त्यांतील काही नावे. शहरातील ठरावीक श्रोतृवर्गात हे बँड लोकप्रिय होते. परंतु ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीवर उपजीविका चालावी असे यश त्यांच्यापैकी कोणाच्याही वाट्याला आले नाही. बहुतेकांनी मोजकीच ध्वनिमुद्रणे मागे ठेवली. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत भारतीय संगीताच्या इतिहासात त्यांची दखल क्वचितच घेतली गेली. एकविसाव्या शतकात परदेशी संग्राहकांनी जुन्या ध्वनिमुद्रिकांचे पुनर्प्रकाशन केल्यानंतर या कालखंडाकडे पुन्हा लक्ष वेधले गेले.

या बँडच्या अपयशाचा विचार करताना त्यांच्या सांगीतिक गुणवत्तेइतकाच त्या काळातील व्यवस्थेचा विचार करावा लागतो. ध्वनिमुद्रण, प्रसारण, वाद्यांची आयात आणि मैफलींच्या जागा या चारही गोष्टी त्यांच्या आवाक्याबाहेर होत्या.

पार्श्वभूमी

मुंबईत पाश्चात्त्य पद्धतीच्या वाद्यवृंदांची परंपरा रॉक संगीताच्या आधीची आहे. १९३० च्या दशकापासून शहरातील मोठ्या हॉटेलांत जॅझ वाद्यवृंद वाजत असत. त्यांत गोमंतकीय वादकांचा भरणा मोठा होता. चर्चशी संलग्न शाळांतून पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेले हे वादक रात्री हॉटेलांत आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात वाजवीत. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा आणि चिक चॉकलेट यांनी हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदरचनेत महत्त्वाची भर घातली. मुंबई प्रांताचा दारूबंदी कायदा १९४९ साली झाला. त्यानंतर रात्रीच्या करमणुकीवर मर्यादा आल्या. तरीही चर्चगेट स्ट्रीटवरील (आताचा वीर नरिमन रोड) उपाहारगृहांत वाद्यवृंद टिकून राहिले.

१९६० च्या दशकात बीटल्स, शॅडोज आणि रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश बँडची गाणी रेडिओ सिलोन आणि आयात केलेल्या ध्वनिमुद्रिकांद्वारे मुंबईतील तरुणांपर्यंत पोहोचली. जॅझ वाद्यवृंदात दहा-बारा वादक आणि लिखित स्वरलिपी लागे. रॉक बँडला मात्र दोन गिटार, एक बेस गिटार, एक ड्रमसंच आणि एक गायक एवढे पुरेसे होते. गाणी ऐकून, ध्वनिमुद्रिका पुन्हा पुन्हा लावून ती बसवता येत. त्यामुळे संगीताचे औपचारिक शिक्षण न घेतलेली महाविद्यालयीन मुलेही या क्षेत्रात उतरली. हे बँड मुख्यतः दक्षिण मुंबई आणि वांद्रे या भागांत आकाराला आले. त्यांत ख्रिस्ती, पारशी, मुस्लिम, मराठी व अन्य समाजांतील तरुण एकत्र होते.

मैफली आणि स्पर्धा

आरंभीच्या बँडना वाजवण्याची संधी मुख्यतः महाविद्यालयीन समारंभ, क्लबांतील नृत्याचे कार्यक्रम आणि उपाहारगृहांत सुटीच्या दिवशी होणारी ‘जाम सेशन्स’ यांतून मिळे. जाम सेशनमध्ये तरुण श्रोते अल्प प्रवेशशुल्कात कॉफी घेत संगीत ऐकत व नाचत असत. १९७० च्या सुमारास कुलाब्यातील स्लिप डिस्क आणि ताजमहाल हॉटेलातील ब्लो अप यांसारखे डिस्कोथेक सुरू झाले. तेथे काही बँडना नियमित काम मिळू लागले.

या काळातील सर्वांत प्रसिद्ध स्पर्धा ‘सिमला बीट’ ही होय. इंपीरियल टोबॅको कंपनीने (नंतरची आयटीसी) आपल्या सिमला या सिगारेटच्या जाहिरातीसाठी ती भरवली होती. देशाच्या निरनिराळ्या भागांतील बँड तिच्यात भाग घेत. निवडक बँडच्या गाण्यांच्या ‘सिमला बीट ७०’ आणि ‘सिमला बीट ७१’ अशा दोन ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्यांत शिलाँगचा फेंटोन्स आणि कोलकात्याचा ग्रेट बेअर अशा अन्य शहरांतील बँडचाही समावेश होता. त्या काळातील भारतीय रॉक संगीताचा हा सर्वांत महत्त्वाचा उपलब्ध दस्तऐवज मानला जातो. तो एखाद्या संगीत कंपनीच्या पुढाकाराने नव्हे, तर सिगारेटच्या जाहिरातीच्या खर्चातून निर्माण झाला, ही बाब या संगीताच्या आर्थिक स्थितीवर पुरेसा प्रकाश टाकते.

१९७१ साली पुणे जिल्ह्यातील लोणावळ्याजवळच्या मळवली येथे ‘स्नेहयात्रा’ नावाचा खुला संगीतमहोत्सव झाला. अमेरिकेत १९६९ साली झालेल्या वुडस्टॉक महोत्सवाच्या धर्तीवरील भारतातील आरंभीच्या प्रयत्नांपैकी तो एक होता.

या चळवळीच्या बातम्या देणारे प्रमुख नियतकालिक म्हणजे कोलकात्याहून डेस्मंड डॉइग यांच्या संपादकत्वाखाली निघणारे ‘ज्युनिअर स्टेट्समन’. ‘जेएस’ या नावाने ओळखले जाणारे हे इंग्रजी साप्ताहिक १९६७ ते १९७७ या काळात प्रसिद्ध होत होते. ते बंद पडल्यावर निरनिराळ्या शहरांतील बँडना एकमेकांशी जोडणारा एक मोठा दुवा तुटला.

प्रमुख बँड

द जेट्स आणि द सॅव्हेजेस

हे दोन्ही बँड १९६० च्या दशकातील मुंबईत अग्रगण्य होते. द सॅव्हेजेसच्या काही ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि सदस्य बदलत गेले तरी हा बँड १९७० च्या दशकातही चालू राहिला. पुढे गोमंतकीय गायक-संगीतकार म्हणून प्रसिद्धीस आलेले रेमो फर्नांडिस मुंबईत वास्तुशास्त्राचे शिक्षण घेत असताना या बँडमध्ये काही काळ वाजवीत होते.

वेल्वेट फॉग

वेल्वेट फॉग हा १९७० च्या दशकाच्या आरंभीचा बँड होय. मराठी रंगभूमीवरील नट-दिग्दर्शक आत्माराम भेंडे आणि अभिनेत्री आशा भेंडे यांचे पुत्र नंदू भेंडे हे त्याचे गायक होते. मराठी घरातून येऊन इंग्रजी रॉक गायनात नाव मिळवणाऱ्या आरंभीच्या कलावंतांत त्यांची गणना होते.

अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट

बेसवादक कीथ कांगा यांच्या पुढाकाराने हा बँड १९७० च्या दशकात मुंबईत कार्यरत होता. गिटारवादक नील चट्टोपाध्याय, ड्रमवादक व्हॅलेंटाइन लोबो आणि गायक मधुकर धस हे त्याचे प्रमुख सदस्य होते. नंदू भेंडे यांनीही काही काळ या बँडमध्ये गायन केले. विकृत ध्वनीची गिटार, लांबलेले वाद्यवादन आणि नृत्यानुकूल ठेका यांचा मेळ त्यांच्या संगीतात आढळतो. ‘ऑब्सेशन ७७’ ही त्यांची एकमेव एलपी. ती १९८१ साली बाजारात आली, तोवर बँडचा बहराचा काळ सरला होता आणि श्रोत्यांची अभिरुची डिस्कोकडे वळली होती. ध्वनिमुद्रिकेला फारसा प्रतिसाद मिळाला नाही.

ह्यूमन बाँडेज

मूळचे मद्रासचे असलेले रमेश शोथम आणि त्यांचे बंधू सुरेश यांनी स्थापन केलेला हा बँड मुंबईसह अनेक शहरांत कार्यक्रम करीत असे. तो केवळ मुंबईचा नसला, तरी मुंबईच्या श्रोत्यांवर त्याचा प्रभाव होता. रमेश शोथम पुढे जर्मनीत स्थायिक झाले आणि तेथील जॅझ क्षेत्रात तालवादक म्हणून मान्यता पावले.

व्यावसायिक अपयशाची कारणे

ध्वनिमुद्रणाची मक्तेदारी

१९६० च्या दशकात भारतातील ध्वनिमुद्रिका-व्यवसायावर ‘एचएमव्ही’ या मुद्रेखाली काम करणाऱ्या ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाचे वर्चस्व होते. १९७० च्या सुमारास पॉलिडोरच्या रूपाने तिला स्पर्धक मिळाला. दोन्ही कंपन्यांचे उत्पन्न प्रामुख्याने चित्रपटसंगीतावर अवलंबून होते. चित्रपटगीताची जाहिरात चित्रपटातूनच आपोआप होत असे. अनोळखी बँडच्या इंग्रजी गाण्यासाठी मात्र कंपनीला वेगळा खर्च करावा लागला असता. तो करण्याचे कारण कंपन्यांना दिसत नव्हते.

स्टुडिओंतील यंत्रसामग्रीही रॉक संगीताला अनुकूल नव्हती. रॉक ध्वनिमुद्रणात प्रत्येक वाद्य निरनिराळ्या ट्रॅकवर ध्वनिमुद्रित करून नंतर त्यांचे मिश्रण केले जाते. लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत त्या काळी चार ट्रॅकची यंत्रे वापरात होती. याउलट जानेवारी १९६८ मध्ये बीटल्सचे जॉर्ज हॅरिसन ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीतासाठी एचएमव्हीच्या मुंबईतील स्टुडिओत आले, तेव्हा त्यांच्यासाठी कंपनीचे अधिकारी भास्कर मेनन यांना दोन ट्रॅकचे स्टीरिओ यंत्र कोलकात्याहून आणावे लागले. जगप्रसिद्ध पाहुण्यासाठी जे करावे लागले, ते स्थानिक बँडसाठी होणे शक्य नव्हते.

वाद्यांची दुर्मीळता

आयातीवरील निर्बंध आणि भरमसाट सीमाशुल्क यांमुळे परदेशी इलेक्ट्रिक गिटार, अ‍ॅम्प्लिफायर आणि ड्रमसंच सामान्य तरुणाला परवडत नसत. धोबी तलाव परिसरात १८६५ पासून चालत आलेल्या फुर्टाडोजसारख्या दुकानांत वाद्ये मिळत. पण विजेवर चालणारी परदेशी सामग्री दुर्मीळ होती. अनेक बँड कोलकात्यात बनलेल्या गिटारींवर आणि स्थानिक तंत्रज्ञांनी जुळवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरवर काम भागवीत. परदेशातून आलेला नातेवाईक, जहाजावरील खलाशी किंवा भारत सोडून जाणारा प्रवासी हाच बहुधा चांगल्या वाद्याचा स्रोत असे.

प्रसारणाचा अभाव

आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीताला मर्यादित वेळ होता आणि त्यात स्थानिक रॉक बँडला स्थान मिळणे दुरापास्त होते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. परंतु त्याचाही आवाका सुरुवातीला अल्प होता. कार्यक्रम प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय बँड माहीत होण्याचा मार्ग जवळजवळ नव्हता.

भाषा आणि स्वतंत्र रचनांचा प्रश्न

बहुतेक बँड इंग्रजीत गात. त्यामुळे त्यांचा श्रोतृवर्ग महानगरांतील इंग्रजी शिक्षित तरुणांपुरता मर्यादित राहिला. शिवाय जाम सेशनला येणाऱ्या श्रोत्यांना ओळखीची गाणी हवी असत. म्हणून बँड मुख्यतः ब्रिटिश-अमेरिकी गाण्यांचे सादरीकरण करीत. मूळ गाणे ध्वनिमुद्रिकेवर उपलब्ध असताना त्याची स्थानिक आवृत्ती विकत घेण्याचे कारण ग्राहकाला नव्हते. उलट स्वतःच्या रचना वाजवल्या, तर श्रोते नाराज होत. कार्यक्रमात टिकण्यासाठी जे करावे लागे, तेच ध्वनिमुद्रिकेच्या विक्रीला मारक ठरे. ही कोंडी या पिढीला फोडता आली नाही.

चित्रपटसृष्टीची स्पर्धा

१९७० च्या सुमारास राहुल देव बर्मन यांच्यासारख्या संगीतकारांनी रॉक संगीतातील गिटार, बेस आणि ठेका हिंदी चित्रपटगीतांत आणला. ‘हरे रामा हरे कृष्णा’ (१९७१) या चित्रपटातील ‘दम मारो दम’ या गीतातील गिटार भूपिंदर सिंग यांनी वाजवली होती. रॉकचा ध्वनी अशा रीतीने देशभर पोहोचला, पण तो वाजवणाऱ्या स्वतंत्र बँडचे नाव पोहोचले नाही. उपजीविकेसाठी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गेलेला वादक तेथे बहुधा अनामिक राहत असे.

रंगभूमीशी संबंध

रॉक गायकांना ध्वनिमुद्रिकांनी जी प्रतिष्ठा दिली नाही, ती काही अंशी रंगभूमीने दिली. १९७० च्या दशकाच्या मध्यास अ‍ॅलेक पदमसी यांनी ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ हे रॉक संगीतनाट्य मुंबईत इंग्रजीतून सादर केले. त्यात मधुकर धस यांनी येशूची आणि नंदू भेंडे यांनी जूडासची भूमिका केली.

मराठी रंगभूमीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची घटना म्हणजे १९७८ साली पुण्याच्या थिएटर अकॅडमीने रंगमंचावर आणलेले ‘तीन पैशाचा तमाशा’ हे नाटक. बर्टोल्ट ब्रेख्त यांच्या १९२८ सालच्या ‘थ्री पेनी ऑपेरा’ या जर्मन नाटकाचे हे पु. ल. देशपांडे यांनी केलेले रूपांतर. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे होते. नाट्यगीत, लावणी आणि पाश्चात्त्य पॉप-रॉक अशा परस्परभिन्न शैली या नाटकात एकत्र आणल्या होत्या आणि नायक अंकुशची भूमिका नंदू भेंडे यांनी केली. इंग्रजी गाण्यांतून घडलेला रॉक गायनाचा आवाज मराठी शब्दांतून मराठी प्रेक्षकांसमोर आला, असे हे आरंभीचे ठळक उदाहरण होय. संगीत नाटकाची परंपरा असलेल्या प्रेक्षकाला गाणारा नट नवा नव्हता; नवी होती ती गाण्याची रीत. नंदू भेंडे यांचे ११ एप्रिल २०१४ रोजी मुंबईत निधन झाले.

परदेशी कलावंतांशी संपर्क

१९७२ साली लेड झेपेलिन या ब्रिटिश बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट यांनी मुंबईत स्थानिक वादकांसह प्रायोगिक ध्वनिमुद्रण केले. त्यांनी स्लिप डिस्कमध्ये स्थानिक वादकांची वाद्ये घेऊन उत्स्फूर्तपणे वादनही केले. मुंबईच्या रॉक श्रोत्यांत ही आठवण दंतकथेसारखी सांगितली जाते. अशा भेटींनी स्थानिक बँडचा उत्साह वाढला, मात्र त्यांतून त्यांना परदेशी करार किंवा दौरे मिळाले नाहीत.

पुढील पिढी

१९८० च्या दशकात कॅसेटच्या प्रसारामुळे ध्वनिमुद्रणाचा खर्च घटला. मुंबईतील कंपन्यांनी नाकारल्यावर रेमो फर्नांडिस यांनी गोव्यातील शिवोली येथील आपल्या घरी चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर ‘गोअन क्रेझी’ (१९८४) हा संग्रह ध्वनिमुद्रित केला आणि त्याच्या कॅसेट स्वतः दुकानांत पोहोचवल्या. आधीच्या पिढीला न सापडलेला मार्ग त्यांना तंत्रज्ञानातील बदलामुळे मिळाला.

मुंबईत १९८४ साली रॉक मशीन हा बँड स्थापन झाला. गायक उदय बेनेगल आणि गिटारवादक महेश तिनईकर हे त्याचे प्रमुख सदस्य होत. या बँडने स्वतंत्र रचनांवर भर दिला. ‘रॉक एन रोल रेनेगेड’ (१९८८) आणि ‘द सेकंड कमिंग’ (१९९०) हे त्याचे संग्रह. १९९३ साली त्याने इंडस क्रीड हे नाव घेतले. उपग्रह वाहिन्यांवरील चित्रफितींमुळे त्याला आधीच्या कोणत्याही बँडपेक्षा अधिक प्रसिद्धी मिळाली. तरीही १९९७ साली तो विसर्जित झाला. २०१० साली तो पुन्हा एकत्र आला.

१९८६ साली फरहाद वाडिया यांनी धोबी तलाव येथील रंगभवन या खुल्या नाट्यगृहात ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा वार्षिक महोत्सव सुरू केला. नव्या बँडसाठी तो दीर्घकाळ प्रमुख व्यासपीठ ठरला. रुग्णालये व शिक्षणसंस्थांच्या सान्निध्यामुळे रंगभवनाचा परिसर शांतता क्षेत्रात मोडतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर तेथील मैफली बंद पडल्या आणि शहरातील रॉक संगीताची एक हक्काची जागा संपली.

पुनर्शोध

२००० नंतर युरोप-अमेरिकेतील संग्राहकांनी आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील विस्मृत रॉक ध्वनिमुद्रिकांचा शोध सुरू केला. ‘सिमला बीट’च्या दोन्ही ध्वनिमुद्रिका युरोपात पुनर्प्रकाशित झाल्या. अमेरिकेतील नाऊ-अगेन रेकॉर्ड्स या संस्थेने २०११ साली अ‍ॅटॉमिक फॉरेस्टचे संगीत पुन्हा प्रकाशात आणले. पत्रकार सिद्धार्थ भाटिया यांचे ‘इंडिया सायकेडेलिक’ हे या पिढीच्या इतिहासावरील इंग्रजी पुस्तक २०१४ साली प्रसिद्ध झाले.

असा उशिरा झालेला शोध ही केवळ भारतीय घटना नाही. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरातील डेथ या बँडची १९७५ सालची ध्वनिमुद्रणे २००९ साली संग्रहरूपाने प्रसिद्ध झाली. त्याच शहरातील गायक रॉड्रिगेझ यांच्या १९७० सालच्या दुर्लक्षित संग्रहाला २०१२ सालच्या ‘सर्चिंग फॉर शुगर मॅन’ या माहितीपटामुळे जगभर श्रोते मिळाले. झांबियातील १९७० च्या दशकातील ‘झॅमरॉक’ बँडचीही अशीच नव्याने ओळख झाली. या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे : पुनर्शोध त्यांचाच झाला, ज्यांची एखादी तरी तबकडी किंवा ध्वनिफीत शिल्लक होती.

मूल्यमापन

केवळ विक्री हा निकष लावल्यास मुंबईचे आरंभीचे रॉक बँड अपयशी ठरतात. परंतु त्यांनी शहरात विद्युत वाद्यांच्या छोट्या बँडची परंपरा रुजवली आणि रंगभूमीला गायक व वादक पुरवले. पुढील पिढीने स्वतंत्र रचनांचा आग्रह धरला, त्याला आधीच्या पिढीचा अनुभव कारणीभूत होता. त्यांच्या समकालीनांपैकी ज्यांना मोठे यश मिळाले, त्यांना ते बँड सोडल्यावर मिळाले. बंगळुरूच्या ट्रोजन्स या बँडचे बिद्दू १९६७ साली ब्रिटनला गेले आणि १९७४ च्या ‘कुंग फू फायटिंग’ या गाण्याचे निर्माते म्हणून जगप्रसिद्ध झाले. भारतात त्यांचे नाव घरोघरी पोहोचले ते ‘कुर्बानी’ (१९८०) या हिंदी चित्रपटातील गीतामुळे.

या बँडच्या मैफलींपैकी फारच थोड्यांचे ध्वनिमुद्रण झाले. त्यांचा उर्वरित इतिहास जुनी छायाचित्रे, कार्यक्रमपत्रिका, ‘जेएस’चे अंक आणि हयात असलेल्या कलावंतांच्या व श्रोत्यांच्या आठवणी यांत विखुरलेला आहे. त्यामुळे या विषयाच्या अभ्यासात मौखिक इतिहासाच्या नोंदींना विशेष महत्त्व आहे.

हेही पाहा

नंदू भेंडे
तीन पैशाचा तमाशा
इंडस क्रीड
रेमो फर्नांडिस
रॉक संगीत